गादी आणि खोळ

यंदाच्या दिवाळीच्या सुटीत आम्ही चार दिवस इंदुरास जाऊन राहिलो. देवासहून इंदूर म्हणजे काही प्रवास नव्हे. आगगाडीत बसून वर्तमानपत्राची चार पाने उलटावीत, तोच लक्ष्मीबाईनगर येते आणि उतारू आपापली गाठोडी सावरू लागतात. इंदुरास आम्ही लहानपणापासून जात आलो ते आजोळ म्हणून. या खेपेस मात्र जाण्याचे निमित्त जरा चमत्कारिक होते. रामबागेत राहणाऱ्या आमच्या मामेभावाने दूरध्वनीवरून सांगितले होते, "दादा, तू येच. गाडीच्या सीटचा निकाल लावायचा आहे आणि आई माझं काही ऐकत नाही." शासकीय शाळेच्या मुख्याध्यापकाला आयुष्यात पुष्कळ निकाल लावावे लागतात, सीटचा निकाल लावण्याचा योग आम्हांस प्रथमच आला.

रामबाग हा इंदुरातील जुन्या मराठी वस्तीचा भाग. तेथील वाडे आता एकामागून एक जमीनदोस्त होत आहेत आणि त्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या नामफलकांवरून आत कोण राहते याचा बोध होत नाही. तरीही एखाद्या खिडकीतून सकाळच्या प्रहरी फोडणीचा वास आणि रामरक्षेचे स्वर एकदमच बाहेर येतात, आणि आपण योग्य गल्लीत आलो अशी खात्री पटते. मामांचा वाडा अजून उभा आहे. मागील अंगास, जेथे आमच्या आजोबांच्या काळी गाय बांधलेली असे, तेथे ती मोटार उभी होती.

मोटारीविषयी चार शब्द सांगणे प्राप्त आहे. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन या गावी एम.जी. नावाच्या छोट्या, उघड्या, दोन माणसांच्या क्रीडामोटारी तयार होत. त्यांतील टी.डी. हा नमुना १९४९च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत निघाला. एकंदर गाड्या तीस हजारांच्या आसपास निघाल्या आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेस गेल्या. साडेबाराशे घनसेंटिमीटरचे यंत्र, पुढे लांब नाकाड, दोन्ही बाजूंस वळणदार पंखे आणि पत्र्याच्या आत लाकडाचा सांगाडा, असे तिचे रूप. आमच्या मामांची गाडी १९५१ची. महूच्या छावणीतून बदली होऊन निघालेल्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून त्यांनी ती १९६२ साली घेतली. मामा इंदुरातील एका कापडगिरणीत विणकाम-खात्यात होते. त्यांच्या पगाराला ही गाडी शोभणारी नव्हती, असे घरातील वडीलधारे म्हणत. मामी मात्र तसे कधी म्हणाल्या नाहीत. १९८७ नंतर गाडी रस्त्यावर आली नाही. १९९६ साली मामा गेले. गेली सहा वर्षे आमचा मामेभाऊ, जो स्वतः बँकेत नोकरीस आहे, दर रविवारी तिच्यापाशी बसून तिचा जीर्णोद्धार करीत आहे.

यंत्र सुरू झाले होते. कुजलेला लाकडी सांगाडा सुताराने पुन्हा उभा केला होता. हस्तिदंती रंग चढला होता. राहिली होती फक्त बैठक, आणि तिच्यापायीच काम दीड वर्ष अडले होते.

टी.डी.ची बैठक अशी असते की खाली बसावयाच्या दोन गाद्या स्वतंत्र आणि पाठ मात्र दोघांत मिळून एकच, सलग. मामांच्या गाडीतील गाद्यांवर मरून रंगाचे रेक्झिन होते. ते त्यांनी १९६९ साली इंदुरातच बसवून घेतले होते. आज ते भेगाळून, ताठरून, कोपऱ्यांवर उलून गेले होते. मामेभावाचे म्हणणे असे की हे रेक्झिन मुळातले नव्हे. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा हस्तिदंती रंगाबरोबर हिरव्या कातड्याची बैठक होती. तेव्हा सगळे उपटून काढावे आणि गाडीभर अस्सल हिरवे कातडे चढवावे. त्यासाठी त्याने हिरव्या कातड्याचे अकरा तुकडे जमवून एका पुठ्ठ्यावर डकवून ठेवले होते आणि त्या अकरांपैकी खरा हिरवा कोणता, या विवंचनेत तो दीड वर्ष होता. मामींचे म्हणणे याहून आटोपशीर होते. "तुझ्या बाबांनी बसवलेलं आहे. राहू दे की." मामी आता पंचाऐंशीच्या घरात आहेत.

दोघांनी आमच्याकडे पाहिले. "तू मराठीचा एम.ए.," मामेभाऊ म्हणाला, "अस्सल म्हणजे काय ते तूच सांग."

आता असा प्रश्न शिक्षकाला विचारू नये. 'अस्सल' हा शब्द अरबीतून आला, त्याचा मूळ अर्थच 'मूळ' असा, दस्तऐवजाची अस्सल आणि नक्कल हा भेद पेशवाईच्या दप्तरांत कसा रूढ होता, येथपासून आम्ही आरंभ केला. पंधरा-वीस मिनिटे आमचे विवेचन चालले असावे. मामींनी ते शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्हणजे काढायचं की ठेवायचं?" याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

मामेभावाच्या त्या गोठ्यात भिंतीवर एक रंगीत चित्र लावलेले आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर, दुसरे, यांची ती सुप्रसिद्ध ड्यूसेनबर्ग मोटार. यंत्र आणि सांगाडा अमेरिकेतील, त्यावरील देह लंडनच्या गर्नी नटिंग यांनी घडविलेला, रंग केशरी आणि काळा. १९३०च्या दशकाच्या मध्यावर तयार झालेली ही प्रचंड गाडी, आणि माणसे बसावयाची दोनच! ती केव्हाच परदेशी गेली. इंदुरातील जुन्या माणसांना मात्र ती अजून आपल्याच गावची वाटते. चित्राकडे बोट दाखवून मामेभाऊ म्हणाला, "महाराजांच्या गाडीत रेक्झिन असतं का रे दादा?"

ड्यूसेनबर्गचे आम्हांस ठाऊक नाही. पण त्या प्रश्नामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलेबीचा समाचार घेऊन आम्ही माणिकबागेकडे गेलो. यशवंतरावांनी बर्लिनच्या एकार्ट मुटेझियस या तरुण वास्तुशिल्पकाराकडून १९३० ते १९३३ या काळात हा राजवाडा बांधवून घेतला. तेथे आता केंद्रीय महसूल खात्याची कचेरी आहे आणि आमच्यासारख्या रिकामटेकड्याला आत जाण्याचे कारण नाही. बाहेरूनच पाहिले. पांढऱ्या, सपाट, निराभरण भिंतींची ती इमारत पाहून हे कोणा संस्थानिकाचे घर असेल असे सहसा वाटत नाही. कमान नाही, मेघडंबरी नाही, जाळीदार सज्जा नाही. वैभव होते ते आतील सामानात. आयलीन ग्रे, रुलमान, सोन्यो आणि शार्लोत आलिक्स अशा त्या काळच्या युरोपातील श्रेष्ठ कारागिरांच्या खुर्च्या, पलंग, टेबले येथे मांडलेली होती. १९८० साली मोंटे कार्लो येथे त्या सामानाचा लिलाव झाला आणि इंदूरच्या खुर्च्या जगभर पांगल्या. २०१९ साली पॅरिसच्या संग्रहालयात महाराजांवर मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा त्यांतील कितीएक पुन्हा एकत्र आल्या.

त्यांतच मुटेझियसने वाचनगृहासाठी केलेल्या दोन आरामखुर्च्या होत्या. दिवे खुर्चीच्या अंगातच बसविलेले, बसणाऱ्याने हात न हलवता पुस्तक वाचावे अशी योजना. आणि त्यांवरील आच्छादन लालभडक. ते लाल आच्छादन कातड्याचे नव्हे, कृत्रिम कातड्याचे होते. ज्याच्या पदरी हवे तितके आणि हवे तसे कातडे येऊन पडले असते, त्या राजाच्या वाचनगृहात नकली कातडे! त्यामागे काटकसर खचित नव्हती. तो काळ नव्या पदार्थांच्या कौतुकाचा होता. पोलादी नळ्या, काच, कृत्रिम चामडे यांत त्या पिढीला आपले आधुनिकपण दिसत असे. आज कोणी त्या खुर्च्यांना उंची, खरेखुरे कातडे चढवून 'सुधारील', तर त्या खुर्च्या खोट्या होतील. माणिकबागेच्या फाटकाबाहेर उभे राहून हा विचार मनात आला आणि आदल्या दिवशीच्या आमच्या व्याख्यानाची आम्हांस थोडी लाज वाटली.

गाडीच्या कारखान्याचा प्रकार फारसा वेगळा नव्हता. घरी परतून मामेभावाच्या कागदपत्रांत पाहिले, तो त्याच्याच एका जुन्या पुस्तिकेत लिहिलेले होते की टी.डी.च्या बैठकीत शरीराचा स्पर्श होतो तेवढ्या दर्शनी भागालाच कातडे असे. गाद्यांच्या कडा, पाठीची मागील बाजू आणि दाराच्या आतील अस्तर हे सगळे नकली कातड्याचे. रेक्झिन हे नाव आपण आज सर्रास वापरतो, पण ते इंग्लंडातील एका व्यापारी मालाचे नाव होते. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन, त्यावर जनावराच्या कातडीसारखे रवे उठवून ते करीत. म्हणजे गाडीभर अस्सल कातडे घालण्याचा मामेभावाचा जो संकल्प होता, तो कारखान्याने कधीच केलेला नव्हता. अधिक पैसे खर्चून त्याची गाडी मुळापासून अधिकच दूर गेली असती. त्याने ती ओळ पूर्वी वाचली नव्हती असे नव्हे. वाचली होती, पण काटकसर हा अस्सलपणाचा भाग असू शकतो, हे त्याच्या मनाला पटले नव्हते.

येथे थोडे विषयांतर करण्याची मुभा वाचकांनी द्यावी. आमच्या भाषेत 'गादी' म्हणजे बसावयाचे आसनही आणि राज्यही. होळकरांचे राज्य मुळात घोड्याच्या पाठीवर उभे राहिले, म्हणून त्यांची पहिली गादी खोगीर होय. खोगिराच्या पोटात काय भरलेले आहे ते स्वारास दिसत नाही. चिंध्या, लोकर, गवत, जे हाती येईल ते कोंबलेले असे. त्यावरूनच निरुपयोगी भरण्याला 'खोगीरभरती' म्हणण्याचा प्रघात पडला. पण भरती वाईट असेल तर घोड्याच्या पाठीस जखम होते आणि मोहीम फसते, हे म्हण करणाऱ्याने विचारात घेतलेले दिसत नाही. पुढे १८१८ साली मंदसोरच्या तहानंतर राजधानी महेश्वरहून इंदुरास आली. महेश्वरच्या किल्ल्यात अहिल्याबाईंची गादी आजही दाखवतात. साधी, पांढऱ्या खोळीची बैठक. ती खोळ आजवर कितीदा उतरली, धुतली आणि बदलली गेली असेल! गादी अहिल्याबाईंचीच राहिली. यशवंतरावांचे फ्रेंच चित्रकार बुते द मॉन्व्हेल यांनी दोन प्रकारे चित्रण केले: एकात ते युरोपीय मेजवानीच्या पोशाखात उभे आहेत, दुसऱ्यात मराठा वेषात पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसलेले. ड्यूसेनबर्गमध्ये बसणाराच माणूस तो. असो.

तिसऱ्या दिवशी बैठक रिक्षात घालून आम्ही दोघे रेल्वे स्थानकाच्या बाजूस एका गल्लीत गेलो. तेथे सीट शिवणाऱ्यांची दुकाने आहेत. मामेभावाने शोधून काढलेले कारागीर वयाने आमच्याहून वडील. सारे त्यांना उस्ताद म्हणतात. दुकान म्हणजे एक फळकूट, एक पायाची जड मशीन, भिंतीला टांगलेले रेक्झिनचे गुंडाळे आणि कोपऱ्यात काथ्याचा ढीग. उस्तादांनी पुठ्ठ्यावरील अकरा हिरवे तुकडे पाहिले आणि काही न बोलता बाजूस ठेवले. मग पाठीची चौकट मांडीवर उलटी घेऊन ते लाकडात ठोकलेल्या चुका एकेक करून उपसू लागले. या कामाला घाई चालत नाही. चूक जोराने उपसली तर जुने लाकूड फुटते. आम्ही सुमारे पाऊण तास तेथे बसून होतो आणि त्या अवधीत दोन मोटारसायकलींच्या गाद्या शिवून गिऱ्हाइकांच्या हवाली झाल्या.

मरून रेक्झिन एका कडेने सुटले. त्याखाली गिरणीच्या जाड्याभरड्या कापडाचा एक थर होता. मामांनी आपल्याच खात्यातून आणलेला असणार. तो उचलून उस्तादांनी आत पाहिले आणि म्हणाले, "इसके नीचे तो एक और सीट है।"

खाली हिरवे कातडे होते. उभ्या पन्हळींचे, सुरकुतलेले, फिकट पडलेले, तरीही बहुतेक शाबूत. मामांनी १९६९ साली जुने कातडे काढलेच नव्हते. त्यावरच नवी खोळ चढविली होती. गाद्यांचे कातडे मात्र मागेच नष्ट झाले होते आणि त्यांच्या पोटात काथ्या व सरकीचा कापूस निघाला.

चामड्याचा एक गुण उस्तादांनी आम्हांस सांगितला. कापडातून सुई गेली तर धागे पुन्हा सरकून जागा भरून काढतात. चामड्यात एकदा पडलेले भोक बुजत नाही. त्यामुळे पहिली शिवण कोठे होती, टाके किती अंतरावर होते, पन्हळी किती होत्या, मागाहून कोणी उसवून पुन्हा शिवले काय, हे सारे डोळ्यांना वाचता येते. म्हणूनच जुने आच्छादन फाडून फेकणारा कारागीर आपला नकाशाच फेकून देतो. असे सांगत ते बोट फिरवीत होते, ते एकाएकी थांबले. पाठीच्या डाव्या अंगास, बसणाऱ्याच्या खांद्याखाली येईल अशा जागी, वीतभर लांबीची एक चीर होती आणि ती हाताने शिवलेली होती. बारीक, एकसारखे, धावदोऱ्याचे टाके. दोरा एके काळी निळा असावा. "ये किसी दर्जी का काम नहीं," उस्ताद म्हणाले. "ये घर का हाथ है।"

मामेभावाने भ्रमणध्वनीवर त्याचे छायाचित्र काढून घरी नेले. मामींनी चष्मा लावला, चित्र दूर धरले, जवळ धरले. "अगबाई, हे अजून आहे?" त्या म्हणाल्या. मग हकीकत कळली. लग्नानंतर काही वर्षांनी, श्रावणात, मामा त्यांना पातालपाणीचा धबधबा दाखवावयास घेऊन गेले. परतताना पाऊस आला, गाडीचे छत चढविण्याची धांदल उडाली आणि मामींच्या छत्रीचे टोक पाठीच्या कातड्यात घुसून चर्रकन फाटले. मामा रागावले नाहीत. परंतु घरापर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते गिरणीत गेल्यावर मामींनी गोधडीची सुई घेतली, दोऱ्याला मेण लावले आणि दुपारभर बसून ती चीर शिवून टाकली. संध्याकाळी मामांनी ते पाहिले. "काय म्हणाले?" आम्ही विचारले. "म्हणाले, गोधडी झाली की गं गाडीची." एवढे सांगून मामी हसू लागल्या आणि मग उठून आत गेल्या.

मामेभाऊ बराच वेळ पुठ्ठ्यावरचे तुकडे पाहत बसला होता.

पण प्रश्न सुटला नव्हता. अधिक गुंतागुंतीचा झाला होता. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी पाठीच्या कडेचा गोट उसवला, तेव्हा त्या गोटाच्या आत, जेथे सत्तर वर्षांत ऊन पोहोचले नव्हते, तेथे मूळ हिरवा रंग दिसला. गडद आणि ताजा. अकरांपैकी एकाशीही तो जुळत नव्हता. आणि उस्तादांनी साधेपणाने विचारले, "भैया, कौन-सा हरा चाहिए? जो छुपा था वो, या जो दिखता है वो?"

या विषयावर मोठमोठ्या सभांत खल झालेला आहे. वास्तूंच्या जतनाविषयी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद तयार झाली, तिच्यात म्हटले आहे की नवा घातलेला भाग जुन्याशी सुसंगत असावा, पण नवा म्हणून ओळखूही यावा. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, ज्यास फिवा म्हणतात, २०१२-१३च्या सुमारास त्याच धर्तीवर तुरिनची सनद केली. तिचाही रोख असाच की नवे घालण्याआधी जुने टिकविण्याचा यत्न व्हावा. आपल्याकडे २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. सांगाडा, बाहेरील देह वा यंत्र यांत फेरफार केलेला नसावा. त्या व्याख्येत बैठकीचा उल्लेख नाही. माणूस जेथे बसतो ती जागा कायद्याने माणसावर सोडलेली दिसते.

त्या संध्याकाळी आम्ही एकटेच राजवाड्याकडे चालत गेलो. खालचे मजले दगडी आणि वरचे लाकडी, असा हा सात मजली दरवाजा पाहिल्याशिवाय आमची इंदूरची खेप पुरी होत नाही. १८०१ साली तो जळाला, १८३४ साली पुन्हा जळाला आणि १९८४च्या नोव्हेंबरातील दंगलीत त्याची मागील बाजू भस्मसात झाली. तेव्हा आम्ही शाळकरी होतो. काही आठवड्यांनी मामांनी आम्हांस तेथे नेले होते. काळी पडलेली खोडे आडवीतिडवी पडलेली आणि ओल्या राखेचा वास. मामा लाकडाला हात लावून पाहत होते, आणि तो हात परतेपर्यंत त्यांनी पुसला नाही, एवढे आठवते. मागील भाग पुढे २००६-०७च्या सुमारास जुन्या पद्धतीने, चुना आणि लाकूड वापरून पुन्हा उभारण्यात आला. आज पर्यटक त्याची छायाचित्रे काढतात. आम्ही ते काम वाईट म्हणणार नाही. ते न होते तर तेथे एखादे दुकानांचे संकुल उभे राहिले असते. तरी दर्शनी दरवाजाच्या झिजलेल्या उंबऱ्यावर पाय ठेवताना जे वाटते ते त्या नव्या चौकात वाटत नाही, हे लपविण्यात अर्थ नाही. जेथे जुने काही उरलेलेच नाही, तेथे नक्कल करणे भाग आहे. जेथे वीतभर जरी उरले आहे, तेथे ते झाकून वा फाडून नक्कल करणे हा आमच्या मते करंटेपणा. घरी येऊन आम्ही हे मामेभावास सांगितले. या वेळी व्याख्यान दोन मिनिटांत आटोपले.

तो म्हणाला, "मीही तेच ठरवलंय. पण आईच्या रेक्झिनचं काय?"

ते मामींनीच सोडविले. "ते आता मेलंय," त्या म्हणाल्या. "पाठीचा चांगला तुकडा निघाला तर मला आणून दे. भाजीची पिशवी होईल."

सुटी संपली आणि आम्ही देवासला परतलो. काम पुरे होण्यास अडीच महिने लागले. पाठीचे जुने कातडे जागेवरच राहिले. उस्तादांनी ते खरजून नव्हे, मऊ फडक्याने पुसून स्वच्छ केले, तेल पाजून मऊ केले, जेथे जेथे तडे होते तेथे आतून पातळ कापडाचा आधार चिकटविला. मामींच्या टाक्यांना हात लावला नाही. फक्त एका टोकाशी दोरा सुटत होता तेथे एक गाठ मारली. खालच्या दोन गाद्यांना दर्शनी भागापुरते नवे कातडे घेतले आणि त्याचा रंग, बऱ्याच वादानंतर, लपलेल्या हिरव्याशी न जुळविता दिसणाऱ्या फिकट हिरव्याशी जुळविला. तो पुरता जुळला नाही. कडा आणि पाठीचे मागील अंग रेक्झिनचे. पोटात पुन्हा काथ्याच. एका कागदावर नवे काय, जुने काय, कोणी व केव्हा केले हे लिहून तो कागद मामेभावाने उजव्या गादीच्या पोटात ठेवून दिला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिळगूळ घेऊन पुन्हा रामबागेत दाखल झालो. गाडी वाड्याच्या दारात उभी होती आणि गल्लीतील मुले तिच्याभोवती जमली होती. मामी राजवाड्यापर्यंत जाऊन येणार होत्या. तेवढेच त्यांनी सहा वर्षांपूर्वी मागितले होते. निळे काठ असलेले लुगडे, वर शाल. मामेभावाने दार उघडले, आम्ही हात दिला, आणि सावकाश, एक पाय, मग दुसरा, अशा त्या आत बसल्या. डावीकडच्याच जागी. उजव्या हाताने त्यांनी समोरची फळी चाचपली, मग बाजूचा पत्रा. पाठ टेकली आणि लगेच पुढे सरकल्या.

"काय झालं आई?"

"गार लागतंय रे. आतून माझी ती छोटी गोधडी आण."

मामेभावाने आमच्याकडे पाहिले. दीड वर्ष, अकरा तुकडे, अडीच महिन्यांची मजुरी. काही न बोलता तो आत गेला, गोधडी घेऊन आला आणि पाठीवर, त्या हिरव्या कातड्यावरून, नीट चारही टोके बसवून त्याने ती अंथरली. मामी पुन्हा टेकल्या. "हां, आता चल."

गाडी दोन माणसांची. आम्ही दारातच राहिलो. तिसऱ्या प्रयत्नास यंत्र सुरू झाले, मुलांनी गलका केला आणि गल्लीच्या वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिच्या दाराबाहेर आलेले गोधडीचे एक टोक हलताना दिसत होते.